मनीला हाक ऐकू जाते, मग ती येत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: मनी ही तीन वर्षांची देशी मांजर. नसबंदी झालेली, फ्लॅटमध्येच राहणारी, दीड महिन्याची असताना आणलेली. हाक मारली तर मान वळवत नाही. संध्याकाळी मालक ऑफिसातून आला तरी जागची उठत नाही. उचलून घेतलं की पाच सेकंदांत निसटते. आई स्वयंपाकघरात गेल्या की मात्र शेपूट उभी करून त्यांच्या मागे. ‘लाड मी करतो, खाऊ मी आणतो आणि ही मला ओळखही दाखवत नाही. माझं काय चुकतंय?’

आधी एक उलटा प्रश्न. मनी पहिल्यापासून अशीच आहे, की गेल्या काही आठवड्यांत बदलली? कारण जी मांजर रोज दारापर्यंत यायची आणि एकाएकी यायची थांबली, ती रुसलेली नसते. बहुतेक वेळा तिचं काहीतरी दुखत असतं. मांजर शिकारी असलं तरी आकाराने एवढं लहान की दुसऱ्याची शिकारही होऊ शकतं, त्यामुळे दुखणं लपवण्यात ते पटाईत असतं. विव्हळत नाही, लंगडतही नाही, फक्त माणसांतून उठून पलंगाखाली जाऊन बसतं. आपण म्हणतो, आजकाल दुर्लक्ष करते.

अशा वेळी काय बघायचं? खाताना एकाच बाजूने चावते का, दाणा तोंडातून गळून पडतो का, लाळ येते का; म्हणजे दात किंवा हिरड्या. कानात चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ आणि सतत खाजवणं, म्हणजे बहुधा कानातले किडे. वय झालेल्या मांजराने ओट्यावर उडी मारण्याआधी दोनदा अंदाज घेतला, किंवा कंबरेकडच्या केसांच्या गाठी होऊ लागल्या, तर सांध्यांचा संशय घ्यावा, कारण मान मागे वळवून तिथे चाटणं जमेनासं होतं. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यातल्या ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. त्यांतल्या बऱ्याच घरांत ‘म्हातारी झाली, आता झोपूनच असते’ एवढंच म्हटलं जात असणार. भर उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या तर रक्तदाब वाढून नजर गेलेली असू शकते. म्हाताऱ्या मांजरांत हे घडतं.

दोन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवीचा थेंब येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, डॉक्टर गाठावा. उद्यावर टाकल्याने बोके दगावतात. दुसरं, मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर दवाखाना. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस उपास केला की यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, अर्धीही नाही, पावही नाही. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, जीव जातो.

ऐकू येतं की नाही, हे घरीच तपासता येतं. मांजर तुमच्याकडे पाठ करून निवांत बसलेलं असताना दुसऱ्या खोलीतून, दिसणार नाही अशा जागी उभं राहून कागद चुरगळा. टाळी वाजवू नका, पाय आपटू नका. जमिनीची थरथर आणि हवेची झुळूक बहिऱ्या मांजरालाही कळते. जवळ फोन उभा करून कानांचं चित्रण ठेवलं तर उत्तम. पूर्ण पांढऱ्या आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मजात बहिरेपण निम्म्याहून अधिकांना असतं. अशा मांजराला हाका मारत राहण्यापेक्षा दिवा दोनदा चालू-बंद करायची खूण शिकवावी.

मनी मात्र तीन वर्षं अशीच आहे, खाते-पिते आणि डब्याचं झाकण उघडलं की येते. म्हणजे कान, दात, सांधे ठीक धरून चालू. पुढचं सगळं अशा तब्येतीने ठणठणीत मांजरांबद्दल आहे.

आता हाक मारतानाही तसंच फोनवर चित्रण करा आणि ते हळू गतीने बघा. तुम्ही ‘मनी’ म्हटलंत, तिने मान वळवली नाही, डोळेही उघडले नाहीत. पण डावा कान? तो अर्धा वळसा घेऊन तुमच्या दिशेला आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा पुढे गेला. तिने ऐकलं. तुमचा आवाज ओळखला. उठण्यासारखं काही नाही असं ठरवलं. हे सगळं एका सेकंदात झालं आणि तुमच्यापर्यंत फक्त तिची पाठ पोचली.

हे जपानमध्ये नीट तपासलं गेलंय. अत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी २०१३ मध्ये वीस पाळीव मांजरांना त्यांच्याच घरी, माणूस समोर न आणता, आवाज ऐकवले: आधी तीन परक्यांचे, मग मालकाचा, मग पुन्हा परक्याचा. परके आवाज येत गेले तसा मांजरांचा रस कमी होत गेला आणि मालकाचा आवाज आल्यावर कान-मान पुन्हा हलली. शेपूट हलवून किंवा म्याव करून उत्तर देणारी मांजरं मात्र फारच थोडी निघाली. २०१९ मध्ये साइतोंच्याच गटाने दाखवलं की मांजरं स्वतःचं नाव त्याच लांबीच्या इतर शब्दांपासून वेगळं ओळखतात. मजेची गोष्ट म्हणजे मांजरांच्या कॅफेत राहणाऱ्या मांजरांना स्वतःचं नाव आणि शेजारच्या मांजराचं नाव यांत फरक करता आला नाही. सरळ आहे, तिथे गिऱ्हाईक कुणालाही कुठल्याही नावाने हाक मारतं आणि मग कुणालाही कुरवाळतं. नावाला अर्थ राहत नाही. आपल्या घरांतही तेच होतं. मनी, मनुली, सोनू, बाळा, चिमणे, अगं ए! एवढ्या नावांतून मांजराने काय घ्यायचं? दोन अक्षरी एक नाव ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा.

पण नाव ओळखणं वेगळं आणि येणं वेगळं. येणं हिशोबावर ठरतं. गेल्या महिन्यात ‘मनी, ये’ म्हटल्यावर पुढे काय काय झालं, त्याची यादी करा. उचललं. पाहुण्यांना दाखवायला आणलं. नखं कापली. जंताचं औषध पाजलं. आंघोळ घातली (निरोगी, आखूड केसांच्या मांजराला तिची गरजच नसते). सोफा ओरबाडला म्हणून दटावलं. आणि कित्येकदा काहीच झालं नाही. बसल्या बसल्या दहा वेळा हाक मारली, ती आली नाही, तुम्ही मोबाइल बघू लागलात. यातल्या किती हाकांनंतर तिच्या दृष्टीने चांगलं असं काही घडलं? तुमचा आवाज तिला नीट ओळखू येतो, हीच खरी अडचण आहे.

आता आईंकडे बघा. त्या तिला बोलावतच नाहीत. ओट्याशी उभ्या असतात, हात कामात असतात. मनी येते, पायाला अंग घासते, त्या खाली न वाकता ‘आलीस का’ म्हणतात. कधी दुधावरची साय, कधी मासळीचा तुकडा खाली येतो. नाही आला तरी कुणी तिला धरत नाही. यायचं केव्हा, थांबायचं किती, जायचं केव्हा, सगळं मनीच्या हातात. झुरिकमध्ये डेनिस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन मांजरं आणि माणसं यांच्या नोंदी केल्या, त्यांतून निघालेली गोष्ट हीच: जवळ येण्याची सुरुवात मांजराने केली तर ती भेट जास्त वेळ टिकते, माणसाने केली तर लवकर आटोपते. तुमच्या लाडांत सुरुवातही तुमची आणि शेवटही तुमचाच. (साय मात्र कमी करा म्हणावं, मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.)

संध्याकाळी उठत नाही, याचं वाईट वाटतं हे समजू शकतं. पण उठून दारात न येणं म्हणजे माया नाही, असं गणित मांडू नका. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१९ मध्ये एक प्रयोग झाला. अनोळखी खोलीत मांजर दोन मिनिटं मालकासोबत, दोन मिनिटं एकटं, मग मालक परत येऊन दोन मिनिटं. साधारण ६५ टक्के मांजरांनी जे केलं त्याला संशोधकांनी सुरक्षित ओढ म्हटलं. ही मांजरं मालक आल्यावर त्याच्याशी जराशी भेट घेऊन पुन्हा खोली हुंगायला निघून गेली. म्हणजे माणूस आला, आता सगळं ठीक आहे, आपण आपल्या कामाला लागावं. तुम्ही घरात आल्यावर पाय ताणून, जांभई देऊन पुन्हा झोपणारी मांजर यांच्यातलीच असू शकते.

शिवाय दारातली तुमची रीत तपासा. मांजराची भेट वासाने सुरू होते. तुम्ही लोकलच्या गर्दीतून, कुणाच्या अत्तराचा, कदाचित वाटेत कुरवाळलेल्या कुत्र्याचा वास घेऊन येता, आणि तिने बुटापासून वर हुंगायला सुरुवात केली न केली तोच वरून वाकून तिला उचलता. मांजराला नाकासमोरच्या वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. तिथे ते नाक आणि मिशांनी काम चालवतं. वरून झपकन आलेला हात तिला हात म्हणून दिसतच नाही.

उद्यापासून असं करा. आल्यावर हात धुवा, कपडे बदला, तिच्यापासून दीड-दोन मीटरवर जमिनीवर बसा. समोरासमोर नको, जरा तिरके. टक लावून बघू नका. नजर मिळालीच तर डोळे हळूहळू अर्धे मिटा, क्षणभर तसेच ठेवा, मग उघडा. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं: माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही तसेच मिटतात आणि परक्याच्याही हाताजवळ यायला जास्त राजी होतात. मग एक बोट, सैल वाकवून, तिच्या नाकाच्या उंचीवर, नाकापासून दहा-पंधरा सेंटीमीटर दूर धरा आणि थांबा. बोट पुढे न्यायचं नाही. हुंगून गाल घासला तर परवानगी मिळाली. हुंगून तोंड फिरवलं तर आज नाही. हात मागे घ्या, बसून राहा.

परवानगी मिळाल्यावरही तीनच सेकंद. गाल, हनुवटी, डोळा आणि कान यांच्या मधली जागा, एवढंच. तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात, ती स्वतःही तीच जागा घासते. पोट नको, पंजे नकोत, शेपटीच्या बुडाशी तर नकोच. तिथे हात लावलेला बहुतेक मांजरांना खपत नाही. तीन सेकंदांनी हात उचला आणि बघा. तिने डोकं हाताखाली सारलं तर पुढचे तीन सेकंद. तशीच बसून राहिली तर पुरे झालं. शेपटीचं टोक फटकारणं, पाठीवरची कातडी थरथरणं, कान आडवे होणं, मध्येच घाईघाईने स्वतःला चाटायला लागणं, हे सगळं ‘बास’ आहे. यानंतर येतो तो पंजा, आणि मग लोक म्हणतात, अचानक बोचकारलं. घुरघुर चालू आहे म्हणजे खुशीत आहे, असंही धरू नका. घाबरलेली आणि आजारी मांजरंही घुरघुरतात.

उचलणं तीन आठवडे पूर्ण बंद. हे जमत नसेल तर बाकीचं करून फारसा उपयोग नाही.

आता हाक. ‘मनी, ये’ हे शब्द तुम्ही इतके वापरून झिजवलेत की ते दुरुस्त करण्यापेक्षा नवा आवाज घेणं सोपं. जिभेने टक् टक्, बारीक शीळ, किंवा घरात एरवी कुणी बोलत नाही असा एखादा शब्द. बक्षीस म्हणून उकडलेलं बिनहाडाचं चिकन, मीठ-हळद काही न घालता. कांदा-लसूण तर अजिबात नको, तो मांजरांना विषारी आहे. रश्शातला तुकडा धुऊन देणं हाही उपाय नाही. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरे. सुकट दाखवली तर मांजर नक्की येईल, पण बाजारची सुकट पुष्कळदा खारवलेली असते, रोजच्या सरावाला नको.

पहिले तीन दिवस, जेवणाच्या आधी, ती एक मीटरच्या आत असताना, शांतपणे आवाज एकदाच करा आणि लगेच, सेकंद-दोन सेकंदांत, तुकडा तिच्यासमोर जमिनीवर ठेवा. असं पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. अजून तिने काही करायचं नाही. आवाजानंतर चिकन येतं एवढंच तिला पटवायचं आहे. आवाज ऐकून ती तुमच्या हाताकडे बघायला लागली की अंतर दोन मीटर करा, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, आठवड्याभराने बाजूच्या खोलीत. दर खेपेला एकच हाक. दहा सेकंदांत आली नाही तर पुन्हा आवाज करू नका, जाऊन तुकडाही देऊ नका. अंतर जास्त झालं असं समजून पुढच्या वेळी निम्मं करा.

इथे बहुतेकांचं जे बिघडतं ते बारीक असतं. डबा आधी उघडला जातो आणि हाक मागून. मग मांजर डब्याचं झाकण शिकतं, हाक नाही. तुकडा आधीच मुठीत घेऊन ठेवा. हात, पिशवी, डबा काही हलण्याआधी आवाज व्हायला हवा. दुसरी चूक अशी की चार दिवसांत येऊ लागली म्हणून पाचव्या दिवशी त्याच आवाजावर बोलावून नखं कापली जातात. एका फसवणुकीत दहा दिवसांचं काम जातं. औषध, नखं, पिंजरा, दटावणी यांसाठी तो आवाज कधीच नाही. अशा वेळी न बोलावता आपण तिच्याकडे जायचं. प्रवासाचा पिंजरा माळ्यावर न ठेवता खोलीच्या कोपऱ्यात, दार उघडं, आत जुना टॉवेल, असा बारा महिने राहू द्या. पिंजरा खाली आला की मांजर गायब, हा प्रकार थांबतो. तिसरी चूक घरातली मुलं करतात: गंमत म्हणून दिवसभर तोच आवाज, हात रिकामा.

आणि वाटी. दिवसभर कोरडं खाणं भरून ठेवलेलं असेल तर तुमच्या हातातल्या चिकनचं तिला अप्रूप ते किती? चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. बहुतेक कोरड्या खाण्याचं ते ५०-६० ग्रॅम होतं, पाकिटावरचा आकडा बघून ताडून घ्या. हे तीन-चार वेळांत विभागा, वाटी अर्ध्या तासाने उचला, आणि यातली एक वेळ तुमच्या हातून होऊ दे, शक्यतो संध्याकाळची. चिकनचे तुकडे दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नयेत. पाणी मात्र कायम भरलेलं.

संध्याकाळची वेळ यासाठी की मांजराचं अंग पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं होतं. दुपारी दोनला ती खेळत नाही यात तुमचा दोष नाही. जेवणाआधी दहा मिनिटं काठीला बांधलेल्या दोरीने खेळवा. दोरी तिच्या तोंडावर नाचवू नका. भक्ष्य पळतं, लपतं, थबकतं, तशी टिपॉयच्या पायामागून ओढा. मधूनमधून पकडू द्या. शेवटी पकडू देऊन लगेच जेवण. लेझरचा ठिपका वापरत असाल तर शेवट कुठल्यातरी हाती लागणाऱ्या खेळण्यावर करा, नाहीतर ती रात्रभर भिंती शोधत बसते. खेळ संपला की दोरी कपाटात. गिळलेला दोरा आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येते.

घराबद्दल थोडंसं, कारण तुमचा फ्लॅट लहान आहे असं धरतोय. मांजराला माणसांत राहायचं धाडस तेव्हाच होतं, जेव्हा निसटायची जागा असते. हॉलमध्ये बसायला एखादी उंच जागा, कपाटाचा माथा किंवा मजबूत फळी, आणि खाली एक आडवं ठेवलेलं खोकं एवढं पुरतं. खोक्यात गेलेल्या मांजराला कुणी हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही. फरशीला फिनाईल वापरत असाल तर बंद करा; तळव्यांना लागलेलं ती चाटते आणि ते मांजरांना विषारी असतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचंही तेच. दिवाळीत फटाक्यांचे चार दिवस सराव बंदच ठेवा, तेव्हा लपणं हे दुर्लक्ष नसतं, भीती असते.

एक मर्यादा सांगून ठेवतो. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात किती लागला, यावर मांजराचा माणसाळूपणा बराचसा ठरतो. मनी दीड महिन्याची आली, म्हणजे त्या काळाचा मोठा भाग तुमच्याकडे येण्याआधीच संपला होता. त्यात बापाचा स्वभावही पिल्लांत उतरतो, जरी त्या बोक्याने पिल्लांचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी. तेव्हा तिने मांडीवर येऊन झोपावं अशी आस धरू नका. काही मांजरं आयुष्यभर मांडीवर बसत नाहीत.

तीन-चार आठवड्यांत बदल दिसायला हवा, पण तो कुठे शोधायचा ते माहीत हवं. तुम्ही खोली बदललीत की थोड्या वेळाने तीही त्याच खोलीत येते. येताना शेपूट उभी, टोकाशी किंचित वाकलेली. हातभर अंतरावर, तुमच्याकडे चक्क पाठ करून बसते. पाठ बघून मन खट्टू करून घेऊ नका, जिथे धोका वाटतो तिकडे मांजर पाठ करत नाही. एक कान तुमच्या बाजूला वळलेला असेल. तेवढ्यात उचलू नका.